मेजर लीग बेसबॉल : हंगाम सुरू होण्याआधी ३० संघांचा तक्ता कसा मांडावा

मार्चअखेर मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, हंगाम सुरू होतो आणि त्याआधी महिनाभर कोण पहिला येणार, कोण तळाला जाणार याचे तक्ते फिरू लागतात. त्यातले बरेचसे दोनच गोष्टींवर उभे असतात : गेल्या वर्षी कोणी किती सामने जिंकले आणि हिवाळ्यात कोणी किती मोठी नावं घेतली. दोन्ही पाये कच्चे आहेत. नीट अंदाज बांधायचा तर सुरुवात धावांपासून करावी लागते. मग सगळ्यात जास्त वेळ कोणता खेळाडू प्रत्यक्षात किती खेळेल या प्रश्नावर घालवावा लागतो. आणि शेवटी एकाच आकड्यावर बोट न ठेवता विजयांचा पट्टा सांगावा लागतो. यासाठी गूगल शीट्स किंवा एक्सेल पुरतं. आकडेवारीसाठी फॅनग्राफ्स, बेसबॉल रेफरन्स आणि बेसबॉल सॅव्हंट ही तीन संकेतस्थळं हाताशी ठेवा.

आधी चौकट

संघ ३०. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येकीत ईस्ट, सेंट्रल, वेस्ट अशा तीन डिव्हिजन, आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये ५ संघ. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे एकूण सामने २,४३०. इथे बरोबरीचा निकाल नसतो, त्यामुळे तक्त्यातल्या सगळ्या विजयांची बेरीज २,४३० आणि सरासरी ८१ यायलाच हवी. शीटमध्ये हा बेरजेचा रकाना पहिल्या दिवशीच टाका. आवडत्या आठ-दहा संघांना चार-चार विजय जास्त द्यायचे आणि ते कोणाच्या खात्यातून आले हे विसरायचं, ही सर्रास होणारी चूक हा एक रकाना पकडून देतो.

२०२२ पासून प्रत्येक लीगमधून ६ संघ प्लेऑफला जातात : तीन डिव्हिजन विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे विजेते वगळून सर्वात जास्त जिंकलेले तीन संघ. त्यातल्या पहिल्या दोन विजेत्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. विजय समान झाले तर पूर्वीसारखा १६३वा सामना आता होत नाही, आधी आपसातल्या सामन्यांचा हिशेब बघतात. २०२५ मध्ये टोरोंटो आणि न्यूयॉर्क यांकीज दोघांचे ९४ विजय झाले, पण आपसात टोरोंटो ८-५ ने पुढे होतं, म्हणून अमेरिकन लीग ईस्ट टोरोंटोला मिळाली. अंदाज बांधताना एवढ्या बारकाव्यापर्यंत पोचता येत नाही. पण एका विजयाच्या फरकावर वर-खाली लावलेल्या दोन संघांत खरं तर काहीच फरक नसतो, हे त्यावरून ध्यानात येतं.

पायरी १ : गेल्या वर्षीचे विजय बाजूला ठेवा, धावा बघा

संघाने केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा यांवरून त्याने किती सामने जिंकायला हवे होते हे काढता येतं. बेसबॉल आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी मांडलेलं हे सूत्र पायथागोरियन नावाने ओळखलं जातं. मुळात त्यात वर्ग वापरला होता, पुढे १.८३ हा घात जास्त अचूक ठरला. केलेल्या धावांचा १.८३ घात घ्या आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या १.८३ घातांच्या बेरजेने भागा. येणाऱ्या उत्तराला १६२ ने गुणलं की विजय मिळतात.

२०२३ चा सॅन डिएगो पाड्रेस संघ घ्या. केलेल्या धावा ७५२, दिलेल्या ६४८. सूत्रात घातल्यावर उत्तर ०.५६८ येतं, म्हणजे ९२ विजय. प्रत्यक्षात ते ८२ सामनेच जिंकले. कारण शोधायला लांब जावं लागत नाही : एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत ९-२३ (विजय-पराभव) आणि बरोबरी सुटेपर्यंत लांबलेल्या जादा इनिंगमध्ये २-१२. त्याच वर्षी मायामी मार्लिन्सने ६६६ धावा केल्या आणि ७२३ दिल्या. सूत्र म्हणतं ७५ विजय, मिळाले ८४, कारण एका धावेच्या सामन्यांत ते ३३-१४ होते. तक्त्यात मायामी सॅन डिएगोच्या वर दिसत होतं आणि प्लेऑफही खेळलं. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, सॅन डिएगो ९३ जिंकलं आणि मायामी १०० सामने हरलं.

एका धावेच्या सामन्यांतलं यश पुढच्या वर्षी टिकत नाही, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. टेक्सास रेंजर्स २०१६ मध्ये अशा सामन्यांत ३६-११ होते. धावांचा फरक जेमतेम ८ असताना त्यांनी ९५ विजय नोंदवले, आणि २०१७ मध्ये ते ७८ वर आले. बाल्टिमोर २०१२ मध्ये २९-९ होतं, पुढच्या वर्षी २०-३१. बुलपेन, म्हणजे सामन्यात नंतर चेंडू टाकायला येणारे पिचर, चांगलं असेल तर थोडा फायदा राहतो, पण तो हंगामाला एक-दोन विजयांचा. दहा विजयांचा कधीच नाही.

तरीही या सूत्रावर डोळे मिटून विसंबू नका. ते झालेल्या वर्षाचं नीट मोजमाप करतं, येणाऱ्या वर्षाचा संघ त्याला ठाऊक नसतो. मायामीची ७५ वरून ६२ पर्यंत घसरण झाली ती सँडी अल्कांतारा आणि यूरी पेरेझ हे दोन पिचर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ चा हंगाम खेळलेच नाहीत आणि बॅटर लुईस अराएझ मे महिन्यात विकला गेला म्हणून. (तो गेला सॅन डिएगोलाच.) उलट बाजूला सिॲटल आहे. २०२१ मध्ये धावांचा फरक उणे ५१ असूनही ९० विजय मिळाले. पुढच्या वर्षी घसरण होईल असं सूत्र सांगत होतं, पण सिॲटलने पुन्हा ९० जिंकले. या वेळी फरक अधिक ६७ होता, कारण मधल्या काळात संघच सुधारला होता.

म्हणून सूत्रावरून आलेल्या आकड्याचं ८१ पासूनचं अंतर एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करा आणि तो वेगळ्या रकान्यात तपासणीपुरता ठेवा. सॅन डिएगोचे ९२ अशा रीतीने ८७ च्या आसपास येतात. पुढच्या पायऱ्यांतून निघालेला आकडा यापासून सात-आठ विजयांनी लांब गेला, तर त्यामागचं कारण तुम्हाला नावानिशी सांगता आलं पाहिजे. कोण आला, कोण गेला, कोण दुखापतीतून परतला. सांगता येत नसेल तर कुठेतरी बेरीज चुकली आहे.

पायरी २ : खेळाडूगणिक अंदाज

इथे तयार माल मुबलक आहे. डॅन शिंबोर्स्की यांचं झिप्स, तसंच स्टीमर, ही दोन्ही फॅनग्राफ्सवर मिळतात. पेकोटा बेसबॉल प्रॉस्पेक्टसचं आहे. यातलं कुठलं एक निवडायचं यावर डोकं खपवू नका. दोन-तीन घेऊन सरासरी काढली की ती वर्षानुवर्षं एकेकट्या अंदाजाला मागे टाकते किंवा निदान बरोबरीत राहते.

पण एकदा तरी हाताने करून बघा, म्हणजे ही यंत्रं आत काय करतात ते कळतं. त्यासाठी टॉम टँगो यांची मार्सेल पद्धत सगळ्यात सोपी. बॅटरच्या मागच्या तीन वर्षांना ताज्यापासून जुन्याकडे ५, ४, ३ असं वजन द्या. समजा ३२ वर्षांच्या एका बॅटरची वोबा, म्हणजे प्रत्येक फटक्याला धावांमधली त्याची किंमत देऊन काढलेली सरासरी, मागच्या तीन वर्षांत ०.३६०, ०.३३० आणि ०.३४० होती आणि पिचरसमोरच्या पाळ्या ६००, ५५० आणि ४०० होत्या. वजन लावून पाळ्या होतात ३,०००, २,२०० आणि १,२००, एकूण ६,४००. आता त्यात लीगच्या सरासरी बॅटरच्या, म्हणजे ०.३१५ दराच्या, १,२०० पाळ्या मिसळा. उत्तर येतं ०.३४१. हे मिसळणंच पद्धतीचा गाभा आहे : ज्याची नोंद तोकडी तो सरासरीकडे जास्त ओढला जातो. दोन महिने तळपलेला नवखा आणि दहा वर्षं सातत्याने खेळलेला बॅटर कागदावर सारखे दिसले तरी अंदाजात सारखे राहत नाहीत.

मग वय. २९ च्या वरच्या प्रत्येक वर्षाला ०.३ टक्के वजा, २९ च्या खालच्या प्रत्येक वर्षाला ०.६ टक्के अधिक. आपल्या बॅटरचे ०.९ टक्के गेले, उरले ०.३३८. पाळ्यांचं सूत्र असं : गेल्या वर्षीच्या निम्म्या, त्याआधीच्या वर्षीच्या दहावा हिस्सा आणि वर २००. म्हणजे ३०० अधिक ५५ अधिक २००, एकूण ५५५. सरासरीपेक्षा ०.०२३ जास्त, त्याला साधारण १.२५ ने भागायचं आणि ५५५ ने गुणायचं, की सरासरी बॅटरपेक्षा १० धावा जास्त मिळाल्या. बदली खेळाडू, म्हणजे खालच्या पातळीच्या मायनर लीगमधून कधीही किमान पगारावर उभा करता येईल असा खेळाडू, सरासरीपेक्षा ६०० पाळ्यांमागे सुमारे २० धावा कमी असतो. ५५५ पाळ्यांना ते १८-१९ होतात. एकूण २९ धावा. दहा धावांना एक विजय हे प्रमाण धरलं तर हा बॅटर बदली खेळाडूपेक्षा २.९ विजयांनी सरस. या मापाला वॉर म्हणतात. फील्डिंग आणि खेळण्याची जागा यांचा हिशेब अजून बाकी आहे, तो तयार आकड्यांतूनच घ्या. हाताने करायच्या भानगडीत पडू नका.

पिचरच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळा : नुसता ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, पुढच्या वर्षावर ढकलू नका. बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट होतात यावर पिचरचं नियंत्रण फार थोडं असतं. लीगभर हे प्रमाण ०.२९०-०.३०० च्या आसपास राहतं आणि एखाद्या पिचरचं ०.२५० दिसलं तर ते पुढच्या वर्षी वर चढण्याचीच शक्यता जास्त. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार वाइट चेंडूंवर बॅटरला फुकट बेस) आणि होम रन या तीन गोष्टींवर उभा असलेला एफआयपी घ्या. ईआरए २.९० आणि एफआयपी ४.१० असा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, दिसला की समजा, पुढच्या वर्षी तो ३.८ च्या पुढे जाणार.

पायरी ३ : कोण किती खेळेल

अंदाज इथेच बनतात आणि इथेच बिघडतात. खेळाडूच्या गुणवत्तेचे अंदाज सगळ्यांचे जवळपास सारखे येतात. फरक पडतो तो पाळ्या आणि इनिंग वाटण्यात. म्हणून उपलब्ध वेळातला निम्मा या पायरीला द्या.

एका संघाच्या हंगामात सुमारे ६,१५० पाळ्या आणि १,४५० च्या आसपास इनिंग (सामन्याला नऊ) असतात. हे दोन आकडे ठरलेले आहेत, तुम्ही फक्त वाटप करता. बॅटिंग क्रमात एक जागा खाली गेलं की हंगामाला साधारण १८ पाळ्या कमी होतात, कारण १६२ सामने नऊ जागांत विभागले जातात. पहिल्या जागेला ७५० च्या आसपास, नवव्या जागेला ६१० च्या आसपास.

प्रत्येक जागेसाठी किमान तीन नावं लिहा. कॅचरचं, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणाऱ्याचं, उदाहरण बघा. मुख्य कॅचर ६०० पाळ्यांमागे ३.० वॉरचा, दुसरा ०.८ चा, तिसरा शून्याचा. घाईत मांडलेल्या तक्त्यात कॅचरच्या रकान्यात ३.० लिहून मोकळे होतात. पण गुडघ्यांवर बसून रोज रोज कोणी खेळत नाही. मुख्य कॅचरला ४३० पाळ्या, दुसऱ्याला २२०, तिसऱ्याला ३५ दिल्या की बेरीज होते २.१५ अधिक ०.२९, म्हणजे २.४. एका जागेवर अर्ध्याहून जास्त विजय गळला. अशा आठ जागा आणि नियुक्त बॅटर (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) मिळून काय होईल ते बघा.

पिचिंगमध्ये हे आणखी ठळक आहे. पाच स्टार्टर, प्रत्येकी ३२ सामने, झाले १६० : हे गणित जवळजवळ कुठल्याच संघाला लागू पडत नाही. वास्तवाशी जुळणारं वाटप २९, २७, २५, २२, १८ असं असतं. बेरीज १२१. उरलेले ४१ सामने सहाव्यापासून दहाव्या क्रमांकापर्यंतचे स्टार्टर सुरू करतात. समजा पहिल्या पाचांची किंमत पूर्ण ३२ सामन्यांना ४.०, ३.०, २.२, १.५ आणि १.० आहे. घाईच्या हिशेबात ११.७ वॉर. खऱ्या वाटपाने त्यांचे होतात ९.५, आणि मागच्या फळीचे ४१ सामने ०.३ च्या दराने आणखी ०.४ देतात. एकूण ९.९. जवळजवळ दोन विजय फक्त वाटप नीट केल्याने कमी झाले. ज्या संघाची मागची फळी दमदार आहे त्याला हाच फटका कमी बसतो. खोली असलेले संघ अंदाजापेक्षा वर का जातात याचं उत्तर बहुतेक वेळा सहाव्या, सातव्या आणि आठव्या स्टार्टरच्या नावात सापडतं. म्हणून ४० जणांच्या रोस्टरवरचं (संघाच्या यादीतलं) शेवटचं नावही वाचा, मैदानावरचे २६ वाचून थांबू नका.

दुखापतीचं काय? २०२४ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जला बहुतेक अंदाज १०० विजयांच्या आसपास ठेवत होते. स्पेन्सर स्ट्रायडर दोन सामने सुरू करून कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला, रोनाल्ड अकुन्या ज्युनियर ४९ सामन्यांनंतर गुडघ्याने बाहेर पडला, आणि अटलांटा ८९ वर थांबलं. हे आधी ओळखता आलं नसतं. ओळखायचा प्रयत्नही करू नका. कोणाचा गुडघा जाईल याचं भाकीत करण्याऐवजी सगळ्यांच्याच वेळेत थोडी थोडी कपात करा. भरवशाच्या बॅटरलाही ६५० च्या वर पाळ्या देऊ नका, मागच्या दोन वर्षांत लांबच्या दुखापती झालेल्याला ४५० च्या वर नको. कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेतून परतायला पिचरला १२ ते १८ महिने लागतात. संघ सांगतो त्या तारखेत महिनाभर मिळवा आणि परतल्यावरही इनिंग मोजून मापून दिल्या जातील असं धरा.

परदेशातून येणाऱ्या मोठ्या नावांबाबतही हीच सावधगिरी. योशिनोबु यामामोतो डॉजर्सकडे ३२.५ कोटी डॉलरच्या करारावर आला, आणि पहिल्या वर्षी, २०२४ मध्ये, खांद्याच्या दुखण्यामुळे त्याचे १८ सामने आणि ९० इनिंगच झाल्या. खेळ उत्तम होता, वेळ निम्मा मिळाला. पुढच्या वर्षी त्याने ३० सामने सुरू केले. आणि नवख्यांबद्दल : जॅक्सन हॉलिडे २०२४ मध्ये देशातला सर्वोत्तम उगवता खेळाडू मानला जात होता, बाल्टिमोरकडून ६० सामन्यांत त्याची सरासरी ०.१८९ राहिली. वय होतं २०. विशीतल्या कितीही गाजलेल्या नवख्याला पहिल्या वर्षी ४०० पाळ्या आणि दीड वॉर यापेक्षा जास्त देताना दहा वेळा विचार करा.

पायरी ४ : बेरीज आणि कात्री

फॅनग्राफ्स आणि बेसबॉल रेफरन्स या दोघांनी २०१३ मध्ये एकच पाया ठरवला : निव्वळ बदली खेळाडूंचा संघ ०.२९४ दराने जिंकेल, म्हणजे हंगामात ४७.६ विजय. त्यावर संघाचे बॅटर आणि पिचर यांचं वॉर मिळवा. बॅटरचं २१.५ आणि पिचरचं १६ असेल तर ४७.६ अधिक ३७.५, म्हणजे ८५.

आता तिसांची बेरीज बघा. लीगमध्ये वाटायला एकूण १,००० वॉर असतं, त्यातलं साधारण ५७ टक्के बॅटरचं. तुमची बेरीज १,०९० आली तर प्रत्येक संघाचे ३ विजय कापा. ८५ चा संघ ८२ झाला. बेरीज अशी फुगते ती वेळेच्या वाटपातला आशावाद सगळ्यांना सारखाच चिकटलेला असतो म्हणून, आणि कातरही सारखीच चालवायची ती त्यासाठी. फक्त नावडत्या संघांचे विजय कापून बेरीज जुळवली तर आतापर्यंतची मेहनत पाण्यात जाते.

मैदानाच्या बाबतीत एक चूक टाळा. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो, धावा वाढतात. कच्च्या धावांवरून हिशेब करत असाल तर हा परिणाम वजा करावा लागतो. पण वॉरमध्ये तो आधीच वजा केलेला असतो. तो दुसऱ्यांदा वजा केला की कोलोराडोचे पिचर एकदम चांगले दिसू लागतात आणि बॅटर निकामी.

पायरी ५ : वेळापत्रक

२०२३ पासून प्रत्येक संघ डिव्हिजनमधल्या चौघांशी प्रत्येकी १३ सामने खेळतो, एकूण ५२. पूर्वी हे प्रत्येकी १९ होते. त्यामुळे डिव्हिजनचा परिणाम कमी झाला असला तरी शून्य झालेला नाही. चारही प्रतिस्पर्धी सरासरी ८६ विजयांचे असतील तर ते सामान्य संघापेक्षा ०.०३१ ने सरस, आणि ५२ सामन्यांत ते तुमच्या संघाचे दीड विजय खातात. दुबळ्या डिव्हिजनमध्ये तेवढेच मिळतात. एवढी दुरुस्ती बहुतेकांना पुरते.

सामनागणिक करायची हौस असेल तर बिल जेम्स यांचंच लॉग-५ सूत्र आहे. ०.५६० चा संघ ०.४८० च्या संघाशी भिडला तर पहिल्याचा दर वजा दोन्ही दरांचा गुणाकार, भागिले दोन्ही दरांची बेरीज वजा गुणाकाराची दुप्पट. उत्तर ०.५८०. घरच्या मैदानावर असेल तर सुमारे ०.०३५ मिळवा.

पायरी ६ : आकड्याचा पट्टा करा

अगदी सरासरी संघाने १६२ सामने खेळले तरी निव्वळ योगायोगाने विजय ६.४ च्या प्रमाण विचलनाने (सरासरीपासूनच्या नेहमीच्या अंतराने) वर-खाली होतात. आयपीएलच्या १४ सामन्यांत हेच विचलन १.९ असतं, म्हणजे सामन्यांच्या १३ टक्के, बेसबॉलमध्ये ४ टक्के. लांब हंगामाचा तक्ता जास्त बोलका असतो तो यामुळे. पण त्यात संघाच्या खऱ्या ताकदीबद्दलची आपली चूक मिसळा, सुमारे ६ विजयांची, आणि दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. जवळपास ९ येतं. कितीही नेटाने केलं तरी हंगामाआधीच्या अंदाजाचं विचलन याच्या फारसं खाली येत नाही.

याचा अर्थ असा की ८८ विजयांचा अंदाज असलेला संघ ९५ किंवा त्याहून जास्त जिंकण्याची शक्यता २४ टक्के आहे आणि ८१ किंवा त्याहून कमी जिंकण्याचीही तेवढीच. एकाच डिव्हिजनमधल्या ८८ आणि ८४ च्या संघांत पहिला वर राहण्याची शक्यता ६२ टक्क्यांच्या आसपास. तक्त्यात चार विजयांची दरी मोठी दिसते, प्रत्यक्षात पाचातून दोन वेळा ती उलटते.

शीटमध्ये हे करायला नॉर्मइन्व्ह आणि रँड ही दोन फंक्शन्स लागतात. नॉर्मइन्व्हच्या कंसात पहिल्या जागी रँड, दुसऱ्या जागी संघाचा अंदाज, तिसऱ्या जागी ९ घाला. तीस ओळी आणि हजार रकाने. प्रत्येक रकान्याची सरासरी ८१ वर आणा, मग डिव्हिजनमध्ये कोण पहिला, आणि विजेते वगळून लीगमध्ये कोण पहिल्या तिघांत ते मोजा. हजारपैकी ४१० वेळा डिव्हिजन जिंकली तर शक्यता ४१ टक्के. शीट प्रत्येक बदलाला नव्याने आकडे पाडते, म्हणून एकदा मनासारखी मांडणी झाली की आकडे निव्वळ मूल्यं म्हणून दुसऱ्या पानावर चिकटवा.

तुमचा सरासरी तक्ता चपटा दिसेल : वरचा संघ ९५-९६, तळाचा ६०-६२. वाचणारे विचारतील की दर वर्षी कोणीतरी १०० च्या आसपास जातंच, मग तुमच्याकडे ते का नाही. कोणीतरी जाणार हे खरं, पण कोण ते आधी ठाऊक नसतं. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना २०२१ च्या आधी ७५ च्या आसपास धरलं होतं, त्यांनी १०७ जिंकले आणि २०२२ मध्ये बरोबर ८१ वर परतले. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, आणि पुढच्या वर्षी त्यांचे विजय ४१ वरून ६० झाले. टोकाचे निकाल सिम्युलेशनच्या हजार रकान्यांत दिसले पाहिजेत. सरासरी तक्त्यात ते मुद्दाम घुसडू नका.

पायरी ७ : कधी बदलायचं, कधी नाही

पहिला मसुदा नोव्हेंबरमध्ये करा, फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले खेळाडू, यांचा बाजार तापायच्या आधी. मग प्रत्येक करारानंतर नाव बदला, पण नव्या खेळाडूचं पूर्ण वॉर मिळवू नका. त्याच्या येण्याने ज्याची जागा गेली त्याचं वजा करा. ४ वॉरचा खेळाडू २ वॉरच्या जागी आला तर संघ दोन विजयांनीच सुधारला.

फेब्रुवारी-मार्चमधल्या ॲरिझोना आणि फ्लोरिडाच्या सराव सामन्यांतले निकाल आणि बॅटिंग सरासरी पूर्ण दुर्लक्षित करा. समोर अर्धे मायनर लीगचे पिचर असतात आणि मुरलेले पिचर त्या दिवशी नव्या प्रकारचा चेंडू घोटून बघत असतात. त्या महिन्यात तीनच गोष्टी नोंदवा : दुखापत, जागेचा निर्णय आणि फास्टबॉलचा वेग. गेल्या मार्चच्या तुलनेत एखाद्याचा वेग ताशी दोन मैलांनी खाली दिसला तर त्याच्या इनिंग कमी करा. पिचरला हाताच्या पुढच्या भागात ताण जाणवतो आहे असं संघाने जाहीर केलं, की तपासणीचा निकाल येईपर्यंत त्याला निम्म्या इनिंगवर आणून ठेवा.

जुलैअखेरच्या खरेदी-विक्रीची सोयही आधीच करता येते. ७२ च्या खालचा अंदाज असलेला संघ चांगले खेळाडू विकेल म्हणून त्याचा एक विजय कमी, ८८ च्या वरचा विकत घेईल म्हणून एक जास्त. त्यापलीकडे जाऊ नका.

पायरी ८ : ऑक्टोबरमध्ये हिशेब

पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री शीटची तारखेसह प्रत काढून कुलूपबंद ठेवा. हंगाम संपल्यावर प्रत्येक संघाचा अंदाज आणि प्रत्यक्ष विजय यांतला फरक घ्या, उणे-अधिक चिन्ह सोडा, तिसांची सरासरी काढा. ती ७ च्या आसपास आली तर काम उत्तम झालं. त्याच्या शेजारी दोन बिनडोक अंदाजांची सरासरी चूक मांडा : सगळ्यांना ८१ देणारा, आणि गेल्या वर्षीचे विजय निम्म्याने ८१ कडे ओढणारा. दुसऱ्याला हरवणं सोपं नाही. तुम्ही त्याच्यापेक्षा मागे राहिलात तर पायरी ३ मधलं वाटप पुन्हा तपासा.

मग सगळ्यात जास्त चुकलेले पाच संघ घ्या आणि चूक तीन भागांत फोडा. प्रत्यक्ष विजय वजा धावांवरून निघणारे विजय हा एक भाग, तो बहुतांशी योगायोगाचा, त्यावर वेळ घालवू नका. खेळाडूंनी प्रत्यक्षात खेळलेल्या पाळ्या आणि इनिंग तुमच्या जुन्या दरांवर मांडून जो फरक पडतो तो वेळेच्या वाटपाचा. उरलेला भाग गुणवत्तेच्या अंदाजाचा. सलग दोन वर्षं वाटपाचा भाग एकाच दिशेने चुकत असेल, म्हणजे स्टार्टरना तुम्ही नेहमीच जास्त सामने देत असाल, तर पुढच्या नोव्हेंबरच्या मसुद्यात २९, २७, २५, २२, १८ ऐवजी २८, २५, २३, २०, १६ पासून सुरुवात करा.